लिंडबर्गला सोवळं कोणी केलं?

मालिका सहाच भागांची आहे. मला ती बघायला अकरा दिवस लागले. तिसऱ्या पाळीवरून सकाळी सातला सुटायचं, नाकातोंडातला कापूस धुवायचा, दोन घास खायचे आणि मित्राच्या खोलीवर जाऊन त्याच्या मोबाइलवर अर्धा भाग बघायचा. अर्धाच, कारण इंग्रजी. माझं इंग्रजी बाबासाहेबांचे ग्रंथ आणि एक फाटकी डिक्शनरी यांच्यावर झालेलं. बाबासाहेबांचं इंग्रजी कळतं, पण भराभर बोलणाऱ्या न्यूअर्कच्या पोरांचं कळत नाही. खाली अक्षरं उमटतात ती थांबवून वाचायची, अडलेला शब्द काढायचा, मित्राशी हुज्जत घालायची, पुन्हा चालू करायचं. अकराव्या दिवशी संपली तेव्हा दोघंही गप्प बसलो होतो. नंतर जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. हा लेख म्हणजे त्या भांडणातली माझी बाजू. त्याची त्यानं लिहावी, पानं मोकळी आहेत.

मालिकेचं नाव 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका', म्हणजे अमेरिकेविरुद्धचा कट. फिलिप रॉथ या ज्यू कादंबरीकारानं २००४ साली याच नावाची कादंबरी लिहिली. तिच्यावरून डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स यांनी २०२० मध्ये एचबीओसाठी ही मालिका केली. गोष्ट 'जर-तर'ची आहे. खऱ्या इतिहासात १९४० ची निवडणूक रूझवेल्ट जिंकला आणि विल्की हरला. इथं रूझवेल्टच्या विरोधात विल्की नाही, चार्ल्स लिंडबर्ग उभा राहतो आणि लिंडबर्ग जिंकतो.

हा लिंडबर्ग रॉथच्या डोक्यातून निघालेला नाही. तो होता. १९२७ साली त्यानं एकट्यानं न्यूयॉर्क ते पॅरिस, कुठंही न थांबता, साडेतेहेतीस तास विमान चालवलं आणि सगळ्या जगाचा हिरो झाला. १९३२ मध्ये त्याचं तान्हं मूल कुणीतरी पळवून नेऊन मारलं, तेव्हा अख्खी अमेरिका त्याच्यासाठी रडली. १९३८ मध्ये त्यानं गोअरिंगच्या हातून नाझी सरकारचं पदक घेतलं. आणि ११ सप्टेंबर १९४१ ला देस मॉइन शहरात जाहीर भाषण केलं की आपल्या देशाला युद्धात ढकलणारे तिघं आहेत : ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्टचं सरकार. हे सगळं छापील इतिहासातलं. रॉथनं फक्त त्याला मतपेटीपर्यंत नेलं.

या जातीची आणखी एक मालिका मी आधी बघितली होती, 'द मॅन इन द हाय कॅसल', २०१५ ते २०१९. तिच्यात हिटलर युद्ध जिंकतो, वॉशिंग्टनवर अणुबॉम्ब टाकतो, आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर स्वस्तिकाचे झेंडे लागतात. बघायला भारी आहे. पण तिच्यात फॅसिझम मुळात समुद्रापलीकडून येतो, परक्या बुटांतून. त्यामुळं बघणाऱ्याची झोप उडत नाही. लिंडबर्ग परका नाही. तो देखणा आहे, कमी बोलतो, स्वतः विमान चालवत गावोगाव उतरतो, आणि सगळीकडं तेच चार वाक्यांचं भाषण करतो की मला निवडा नाहीतर युद्ध निवडा. लोक टाळ्या वाजवतात आणि मत देतात. टँक नाही, बंड नाही. सगळं कायदेशीर.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी धर्मातल्या भक्तीबद्दल आणि राजकारणातल्या भक्तीबद्दल काय बजावलं होतं ते आपल्यातल्या पोराटोरांना पाठ आहे. जयंतीला आपण ते भाषण वाचतो आणि त्याच मंडपात पुढाऱ्याच्या पाया पडतो, ते जाऊ दे. मला म्हणायचंय ते हे की ती भक्ती कशी दिसते, ती स्वयंपाकघरात कशी शिरते, हे या मालिकेनं दाखवलंय. न्यूअर्कच्या ज्यू मोहल्ल्यातलं लेविन कुटुंब. बाप हर्मन विमा कंपनीत एजंट. आई बेस. मोठा पोरगा सँडी चित्रं काढतो. आणि कुणाची काढतो? लिंडबर्गची. बापाच्या भीतीनं लपवून ठेवतो. बाप रेडिओपुढं बसून ज्याला शिव्या घालतो, त्याच्याच तोंडाच्या रेषा पोरगा प्रेमानं गिरवतोय. हे बघताना मला आमच्या वस्तीतली तीन घरं आठवली. नावं लिहीत नाही, वाचतील.

पण या मालिकेतलं खरं माणूस लिंडबर्ग नाही, हर्मनही नाही. ते माणूस म्हणजे रबाय लायोनेल बेंगल्सडॉर्फ. जॉन टर्टुरो नावाच्या नटानं हे काम केलंय आणि काय केलंय राव! दक्षिणेकडच्या चार्ल्सटनचा विद्वान ज्यू धर्मगुरू. बोलणं मधासारखं, त्यात दक्षिणी हेल. शेकडो ग्रंथ वाचलेला. हा माणूस लिंडबर्गच्या प्रचारसभेत व्यासपीठावर उभा राहतो आणि सांगतो की मी ज्यू आहे, माझं या देशावर प्रेम आहे आणि माझा पाठिंबा लिंडबर्गला आहे.

घरात रेडिओवर हे ऐकून हर्मन चक्रावतो. असल्या भाषणानं एक तरी ज्यू लिंडबर्गला मत देईल का? देणार नाही. मग हा बोलतोय कशाला? तेव्हा हर्मनचा अनाथ पुतण्या आल्विन, शिकलेला नाही, टग्या पोरगा, तो फोड करतो. ज्यूंमध्ये खाण्यापिण्याचा विधिनिषेध असतो, त्याला कोशर म्हणतात. रबाय तपासतो आणि सांगतो की हे चालेल, हे चालणार नाही. आल्विन म्हणतो त्याचा अर्थ असा की रबायनं आज लिंडबर्गला कोशर करून दिला, आणि ज्यूंसाठी नाही, बाकीच्या अमेरिकेसाठी. ज्यांना लिंडबर्गला मत द्यायचंच होतं पण आपण ज्यूद्वेष्टे ठरू अशी मनात बोच होती, त्यांची बोच काढून टाकली. बघा, त्यांचा रबायच सोबत आहे.

इथं मी मोबाइल थांबवला. मित्राला म्हटलं, याला आपल्याकडं शब्द आहे. सोवळं करून देणं.

दोस्तांनो, आपण आपल्यातल्या विकल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलतो तेव्हा आपला राग कशावर असतो? त्यानं आपली मतं फोडली, यावर. कांशीरामांचं 'चमचा युग' १९८२ मध्ये आलं. पुणे करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघातून दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येणारा आपला माणूस कसा तयार होतो, याचा हिशेब त्यांनी मांडला, तो खराच आहे. पण बेंगल्सडॉर्फ त्या हिशेबात बसत नाही. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. त्याच्यामागं मतं नाहीत, आणि लिंडबर्गला त्याच्याकडून मतं नकोच आहेत. त्याला हवंय ते या माणसाचं ज्यू असणं. ते तेवढं व्यासपीठावर येऊन खुर्चीत बसलं की काम झालं. आपला माणूस तिथं आपल्याला दाखवायला बसवलेला नसतो. तो त्यांना त्यांच्यासाठी हवा असतो.

आता माझं सांगतो. सांगणार नव्हतो, मित्र म्हणाला लिही, नाहीतर लेख लिहू नकोस. एका चौदा एप्रिलला आमच्या तालुक्यातल्या एका बड्या मंडळींनी संविधानाच्या नावानं कार्यक्रम ठेवला. कवी म्हणून मला बोलावलं. शाल, नारळ आणि पाकीट. मी माझी सगळ्यात कडक कविता वाचली. मला वाटलं, यांच्या स्टेजवर जाऊन यांनाच सुनावतोय, जिंकलो. कुणी अडवलं नाही. उलट टाळ्या जोरात पडल्या. पुढं महिन्याभरानं त्याच मंडळींनी आमच्या समाजमंदिरालगतच्या मोकळ्या जागेला कंपाउंड घातलं. आमची पोरं बोलायला गेली तर त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवला. आम्ही जातीयवादी कसे? तुमचाच कवी आमच्या स्टेजवर होता की. फोटोत मी तोंड उघडून, हात वर करून, शाल पांघरून उभा. वस्तीतली मतं त्यांना पडत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. मतांसाठी मला बोलावलंच नव्हतं. मी विद्रोह करत होतो आणि ते सोवळे होत होते. कविता जितकी कडक, तितकं सोवळं कडक.

म्हणून बेंगल्सडॉर्फला नुसता गद्दार म्हणून मोकळं होता येत नाही. टर्टुरोनंही त्याला गद्दार म्हणून रंगवलेलं नाही. त्या माणसाचा स्वतःवर विश्वास आहे. आत राहून आपल्या लोकांचं भलं करता येईल असं त्याला मनापासून वाटतं. बेसची बहीण एव्हलिन त्याच्या प्रेमात पडते, त्याच्याशी लग्न करते, आणि व्हाइट हाउसमधल्या मेजवानीत नाझींचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याच्याबरोबर नाचते. तिच्या तोंडावरचा आनंद खोटा नाही, आणि म्हणूनच बघवत नाही. आयुष्यभर ज्यांच्या दारात उभं राहता आलं नाही त्यांनी हात पुढं केला की काय होतं, ते विनोना रायडरच्या चेहऱ्यावर सगळं आलंय. शेवटी फासे उलटतात, एफबीआयवाले बेंगल्सडॉर्फलाच उचलून नेतात. एव्हलिन घाबरून बहिणीच्या दारात येते. बेस तिला आत घेत नाही. मला त्या क्षणी बेस बरोबर वाटली. दुसऱ्या दिवशी गिरणीत धागे सांधताना वाटलं, मला कुणी आत घेतलं नसतं तर?

बेंगल्सडॉर्फला सरकारात खातं मिळतं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'अमेरिकेत विरघळवून घेण्याची कचेरी'. या कचेरीच्या दोन योजना. पहिली, ज्यू पोरांना उन्हाळ्यात खेड्यातल्या ख्रिश्चन कुटुंबात राहायला पाठवायचं. सँडी केंटकीत तंबाखूच्या शेतावर जाऊन येतो आणि आईबापाला अडाणी समजायला लागतो. दुसरी योजना 'होमस्टेड ४२'. हर्मनला कंपनीचं पत्र येतं. अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. न्यूअर्क सोडा, केंटकीत डॅनव्हिलला बदली. कुणी काठी मारत नाही. नोकरी टिकते, जायचा खर्च मिळतो. फक्त मोहल्ला फुटतो. एका गल्लीतली दहा घरं दहा परक्या गावांत विखुरली की तिथं ना सभा होते ना मोर्चा. नाव घेतलंय १८६२ च्या होमस्टेड कायद्यावरून, ज्यानं वसाहतवाल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन दिली. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हा खुलासा मालिकेत नाही, मी करतो.

या पत्राचं मला नवल वाटलं नाही. आमच्या खात्यात चार जणांनी प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मागितला होता. चौघांना महिन्याच्या आत बढती मिळाली. बढतीची जागा दुसऱ्या युनिटात, दोन जिल्हे ओलांडून. पत्राची सुरुवात अभिनंदनानंच होती. तिघं गेले. चौथा गेला नाही, तो आता मार्केट यार्डात पोती उचलतो. हर्मनही बदली नाकारतो, विम्याची नोकरी सोडतो आणि भावाकडं भाजीच्या ठोक बाजारात रात्रीची हमाली धरतो. गिरणीत न राबलेल्या माणसांनी हा तपशील बरोबर कसा पकडला, मला कळत नाही. सायमन आधी बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात बातमीदार होता आणि बर्न्स पोलिसात, नंतर शाळेत शिक्षक. त्यातून आलं असेल.

होमस्टेड ४२ मध्ये शेजारचा सेल्डन नावाचा पोरगा आणि त्याची विधवा आई केंटकीला फेकली जातात. त्यात आपला धाकटा फिलिप गुंतलेला आहे. आम्हाला पाठवू नको, हवं तर त्यांना पाठव, असं त्यानं एव्हलिन मावशीला सांगितलेलं असतं. लहान पोर, त्याला काय कळतंय. पुढं दंगली पेटतात. सेल्डनची आई रात्री घरी येत नाही. पोरगं घरात एकटं. ते न्यूअर्कला फोन लावतं. बेस फोनवर त्याच्याशी बोलते. तिला कळून चुकलंय की बाई मेली असणार, क्लॅनवाल्यांनी मारली असणार. पण आवाजात ती काहीच येऊ देत नाही. काहीतरी खा बाळा, म्हणते. काय खाल्लंस ते सांग. शेकडो मैलांवरून ती त्या पोराला एक एक घास खायला लावते. या प्रसंगात एकही झेंडा नाही, गणवेश नाही, भाषण नाही. एक बाई आणि एक फोन. झोई कझान हे नाव लक्षात ठेवा. मित्र भिंतीकडं तोंड करून बसला होता. मी पण.

इथवर आमचं भांडण नव्हतं. ते हॉटेलवरून सुरू झालं.

लिंडबर्ग निवडून आल्यावर लेविन कुटुंब राजधानी बघायला वॉशिंग्टनला जातं. आधी ठरवलेली हॉटेलातली खोली त्यांना नाकारतात, कारण ज्यू. हर्मन चिडतो, भांडतो. लिंकनच्या स्मारकापाशी गेल्यावर तिथंही शिवी मिळते. मालिका सांगते, बघा, लिंडबर्ग आला आणि अमेरिका काय झाली. ज्या देशात हे होत नव्हतं तिथं हे व्हायला लागलं.

मी मित्राला विचारलं, त्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत होती का? लिंडबर्ग यायच्या आधी, रूझवेल्टच्या राज्यात? नव्हती. वॉशिंग्टनची गोऱ्यांची हॉटेलं, खाणावळी, थिएटरं काळ्यांना बंद होती. ज्या लिंकन स्मारकापुढं हर्मनचा अपमान होतो, त्याचं उद्‌घाटन ३० मे १९२२ ला झालं तेव्हा गुलामांना मुक्त करणाऱ्याच्या त्या सोहळ्यात काळ्या पाहुण्यांना वेगळ्या कप्प्यात बसवलं होतं. त्यादिवशीचे एक वक्ते रॉबर्ट मोटन स्वतः काळे होते. १९३९ मध्ये मरियन अँडरसन या काळ्या गायिकेला राजधानीतलं मोठं सभागृह मिळालं नाही, म्हणून ती याच स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. दक्षिणेत काळ्या माणसाच्या मताला मतकर होता, वाचनाची परीक्षा होती, आणि तरी पोचलाच तर दोर होता. तिथं लिंडबर्ग निवडून यायची गरज नव्हती.

आणि १९४२? मालिकेत १९४२ म्हणजे लिंडबर्गच्या काळ्याकुट्ट दिवसांचा कळस. खऱ्या १९४२ मध्ये फेब्रुवारीत रूझवेल्टनं सही केली आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत नेऊन ठेवलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक. छावणी 'जर-तर'च्या अमेरिकेत शोधायला नको, ती खऱ्या अमेरिकेत सापडते, आणि सही मालिकेतल्या देवमाणसाची आहे.

अजून एक. ५ जून १९३४ ला बर्लिनमध्ये नाझी कायदेपंडितांची बैठक भरली, वंशाचे कायदे कसे करायचे यावर. त्या बैठकीत त्यांच्यापुढं नमुना म्हणून काय होतं? अमेरिकेतल्या तीसेक राज्यांचे गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे. पुढच्या वर्षी न्यूरेंबर्गचे कायदे आले. जेम्स व्हिटमन नावाच्या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकानं २०१७ मध्ये यावर पुस्तक लिहिलंय. म्हणजे फॅसिझमनं अमेरिकेत यावं की न यावं हा प्रश्न असताना, इकडून तिकडं माल आधीच गेलेला होता.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते मी मागं घेणार नाही : ही मालिका बेंगल्सडॉर्फला बरोबर पकडते आणि शेवटी त्याचंच काम करते. तो लिंडबर्गला सोवळं करतो, ही लिंडबर्गच्या आधीच्या अमेरिकेला सोवळं करते. 'जर' म्हटलं की 'जर नसतं तर सगळं ठीक होतं' हे आपोआप आलं. कटाचं नावच बघा, अमेरिकेविरुद्धचा कट. जणू कट बाहेर शिजला आणि अमेरिका बिचारी साधीभोळी. सायमननं 'द वायर'सारखी मालिका केलेली आहे, बाल्टिमोरच्या काळ्या वस्त्यांची गल्ली न गल्ली त्याला ठाऊक आहे. त्याला हे माहीत नाही असं मी मानत नाही. तरी सहा भागांत एकाही काळ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा जात नाही.

मित्र भडकला. तो म्हणाला, तू सदाशिवपेठी समीक्षकासारखं बोलतोयस. आपल्या आत्मकथनांना ते हेच विचारत होते ना, की तुम्ही फक्त तुमचंच दुःख का सांगता? एका ज्यू माणसानं त्याच्या गल्लीचं भय लिहिलं. सहा लाख नाही, साठ लाख माणसं मारली गेली युरोपात. त्याला काळ्यांचा हिशेब मागणारा तू कोण? तुझ्या कवितेत पारधी आहे का? आदिवासी आहे का? तुझ्या कवितेत तुझी बहीण तरी आहे का?

शेवटचा प्रश्न लागला. उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण मी त्याला न्यूअर्कची दुसरी गोष्ट सांगितली. रॉथ १९३३ साली न्यूअर्कला जन्मला. १९३४ साली त्याच शहरात अमिरी बराका जन्मला, काळ्या कवींमधला मोठा कवी. एक गाव, एक वर्षाचं अंतर. रॉथच्या न्यूअर्कात बराकाची गल्ली जवळपास नाही. आणि बराकानं काय केलं? त्यानं एका काळात ज्यूंविरुद्ध विषारी लिहिलं, मग १९८० मध्ये जाहीर लेख लिहून ते चुकलं असं कबूल केलं. दोघंही आपापल्या भिंतीकडं तोंड करून. मित्र म्हणाला, बघ, म्हणजे कुणालाच जमत नाही. मी म्हटलं, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यूबॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी युनोकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. डोकं वर करून बघायला जमतं. तो म्हणाला, बाबासाहेबांचं नाव काढून वाद संपवू नकोस. तेही खरं.

'जर-तर' आपणही खेळतो. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला नसता तर? स्वतंत्र मतदारसंघ राहिले असते तर? चाळीच्या जिन्यात, चहाच्या टपरीवर हा खेळ रोज चालतो, पण त्यावर एक कथा आपल्यात कुणी लिहिलेली मी तरी वाचलेली नाही. आपण भोगलेलं लिहितो. न घडलेलं लिहायला आपल्याला चोरी केल्यासारखं वाटतं. या मालिकेमुळं मला पहिल्यांदा वाटलं की लिहावं. फक्त त्या कथेत करार न झालेला देश गोड करून दाखवायचा मोह आवरायला लागेल. तिथंही कुणीतरी बेंगल्सडॉर्फ निघेल, आणि तिथंही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आपण जाणार नाही.

शेवट सांगतो. रॉथच्या कादंबरीत रूझवेल्ट परत येतो आणि इतिहास आपल्या जुन्या रुळावर लागतो. सायमन-बर्न्सनी ते बदललं, आणि बरं केलं. मालिकेत १९४२ च्या नव्या निवडणुकीचा दिवस आहे. लोक रांगा लावतात. कुठं मतदाराला परत पाठवतात, कुठं मतपत्रिका जाळतात. हर्मन रेडिओपुढं बसलाय. निकाल कळत नाही. यावर फ्रँक सिनात्राच्या आवाजात एक गाणं वाजतं, 'द हाउस आय लिव्ह इन', अमेरिका म्हणजे माझ्यासाठी काय, असं सांगणारं. चित्र एक सांगतं, गाणं दुसरं. मला ते फार आवडलं.

मग त्या गाण्याची माहिती काढली. ते लिहिलं एबल मेरोपोल नावाच्या ज्यू शाळामास्तरानं. त्याच माणसानं 'स्ट्रेंज फ्रूट' लिहिलं होतं, झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांच्या देहांवरचं, १९३९ मध्ये बिली हॉलिडेनं गाऊन अमर केलेलं. एका लिंचिंगचा फोटो बघून त्यानं ते लिहिलं. सिनात्राचं गाणं १९४५ मध्ये एका छोट्या सिनेमात आलं. सिनेमा ज्यूद्वेषाविरुद्धच होता, त्याला ऑस्करचा खास पुरस्कारही मिळाला. मेरोपोलच्या मूळ गाण्यात शेजारी गोरे आणि काळे आहेत, असं एक कडवं होतं. सिनेमात ते कापलं. मेरोपोल सिनेमा बघायला गेला तेव्हा इतका खवळून ओरडला की त्याला थिएटरबाहेर काढावं लागलं.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, कडवं सिनेमावाल्यांनी कापलं, सायमननं नाही. मी म्हटलं, सायमननं वाजवलं ते कापलेलंच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्या मास्तरला थिएटरातनं बाहेर काढलं ना, तिथनं पुढं गोष्ट लिही. मी लिहायला घेतलीय. तीन पानं झालीत. त्यात माझी बहीण आहे.